एकशे सतरा नंबरला डोळे आहेत

तेरा वर्षं मी वेधशाळेची गाडी चालवतोय. शहाणी माणसं अदिस अबाबा शहरातून डोंगरावर चढवायची नि उतरवायची. पण सगळ्यात शहाणी होती स्वयंपाकघरात. वुबालेम तिचं नाव. आम्ही तिला एतिये म्हणतो, म्हणजे थोरली ताई; आणि ताईपणा गाजवायला ती कुणाची परवानगी घेत नाही.

मिहिरेत नावाची मुलगी पदवीसाठी अवकाश दुर्बिणीनं टिपलेल्या दीर्घिकांचे तीनशे फोटो निवडत बसायची. वळणावळणाच्या एकीकडे, गुळगुळीत लंबगोल दुसरीकडे. एतिये कॉफी ठेवायला गेली आणि तिथंच चिकटली.

"अगं, हे तर इंजेरे!"

झालं! चाळीस वर्षं आंबवलेलं पीठ तव्यावर कडेपासून आत गोल गोल ओतणारी बाई ती, तिला वळण कोण शिकवणार? इंजेरा म्हणजे आमची रोजची भाकरी; तिला जाळी पडते, त्या भोकांना आम्ही डोळे म्हणतो. डोळे पडले म्हणजे पीठ जिवंत. एतिये फोटो उचलायची नि निकाल द्यायची, "हिला डोळे आहेत. ही आंधळी."

मिहिरेत टुणकन उठली. "एतिये, डोळे म्हणजे नवे तारे जन्मतात त्या जागा! गुळगुळीत दीर्घिकांत ते जवळजवळ जन्मतच नाहीत!"

"मग मी काय वेगळं सांगतेय? किती लांब आहे गं ही?"

"तिचा उजेड निघून पन्नास कोटी वर्षं झाली."

"अरे देवा, म्हणजे एव्हाना शिळी!"

दोघी हसून लोळायच्या बाकी होत्या. मग आली एकशे सतरा नंबरची. संगणकही निवड करायचा; तो म्हणाला गुळगुळीत, एतिये म्हणाली डोळे आहेत, आणि पोरीनं एतियेचं ऐकलं. मी कपाळावर हात मारला. चार वर्षांची मेहनत, आणि भरवसा स्वयंपाकघरातल्या डावावर!

तोंडी परीक्षेत परीक्षक डॉक्टर गेबेयेहूंनी नेमकी तीच काढली. "संगणकाचं खोडलंत कशाच्या जोरावर? इथं अंदाज चालवला असेल, तर उरलेल्यांवर विश्वास का ठेवू? अशी पदवी मिळत नसते."

मिहिरेतनं एकशे सतराचा फोटो पडद्यावर मोठा केला. दारात एतिये, हातात कॉफीचा ट्रे, तिच्यामागं मी.

"गाशे," म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं ती म्हणाली, "मधला भाग एवढा झगझगतोय, तर कडेचं दिसेल कसं? चूल भगभगली की मी हात आडवा धरते." आणि ट्रे टेकवून तिनं खरंच पडद्यावर पंजा ठेवला.

"थांबा! मधला उजेड वजा करते!" मिहिरेत ओरडली. तिची बोटं धावली. मधला झगझगाट गेला, आणि कडेपासून आत वळत आलेले दोन फिकट हात उमटले, निळ्या ठिपक्यांनी, म्हणजे नव्या ताऱ्यांनी, भरलेले.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "रोज इंजेरे खातो हो मी, आणि मलाच डोळे दिसले नाहीत!"

पास! एतियेनं लग्नघरातल्यासारखी इलिलिली अशी आरोळी ठोकली. मी तर चक्क नाचलो, लाज सोडून.

"एक दुरुस्ती," डॉक्टर म्हणाले. "प्रबंधाच्या आभारांत यांचं नाव राहिलंय."

मिहिरेतनं मान खाली घातली. "राहिलं नाही, सर. स्वयंपाकघरातल्या बाईचं नाव बघून तुम्ही हसाल, म्हणून मीच लिहिलं नाही."

एतियेनं कॉफीचा कप तिच्या पुढ्यात ठेवला.

"मग आता लिही," ती म्हणाली. "आणि पुढे माझ्या बापाचं नावही लाव. देस्ता. आमच्या घरातल्या कुणाचंच नाव अजून कुठं छापलेलं नाही."