सोलरच्या आड आलेला कडुनिंब

आमच्या घरात पृथ्वीची काळजी उशिरा शिरली, पण शिरली ती दणक्यात. माझे यजमान रिटायर झाले आणि ह्यांना मोबाइलवर व्हिडिओ बघायचा नाद लागला. तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर बिस्किटाऐवजी भाषण.

"कोळसा जाळून जाळून आपणच ही गरमी वाढवून राहिलो," हे सांगायचे. मी मान डोलवायचे, कारण त्यात खोटं काय होतं? वीज कोळशाची, रस्ते सिमेंटचे, आणि आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत घरोघरी भिंतीवर एसीचा डबा. प्रत्येक जण आपल्या खोलीतली गरमी उचलून शेजाऱ्याच्या दारात फेकतो, आणि शेजारी ती परत फेकतो.

ह्यांनी उपाय काढला: गच्चीभर सोलर. मी म्हटलं, लावा की. मग हळूच ह्यांच्या पोटातलं ओठावर आलं. सोलर लागलं की वीज फुकट, आणि वीज फुकट म्हटल्यावर आपल्याही बेडरूममध्ये एसी! शिवाय मोजमापाला आलेला सोलरवाला सांगून गेला होता की कुंपणातल्या कडुनिंबाची सावली दुपारी अर्ध्या गच्चीवर पडते. तो काढावा लागेल.

"पृथ्वी वाचवाले झाड तोडता?" मी विचारलं.

"एका झाडानं काय होते वं?"

हे घर बांधलं त्या वर्षी तो कडुनिंब मी लावला होता. त्याच्या सावलीत आमची कूलरची खिडकी आहे, म्हणून भर मे महिन्यातही आम्ही दुपारी पांघरूण शोधतो. तो तोडायच्या नुसत्या विचाराने मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडते. आठवडाभर भांडले. हे हलले नाहीत. सोमवारी महापालिकेत जाऊन झाड तोडायची परवानगी मागायची, हे त्यांनी पक्कं केलं.

रविवारी मी गच्चीवर चादर पसरून कुरडया घातल्या होत्या, अर्थात उन्हाच्या बाजूला. दुपारी अचानक वारा सुटला. माझे हात कणकेत, म्हणून कुरडया गोळा करायला मी ह्यांना वर पिटाळलं. आमच्याकडे वाळवणाजवळ चप्पल नेत नाहीत, तेव्हा हे अनवाणीच गेले. जिना कडुनिंबाच्या बाजूला उघडतो. तिथली फरशी गार, त्यामुळे स्वारी रमतगमत निघाली असणार. आणि मग उन्हातलं पहिलं पाऊल पडलं.

गल्लीतल्या लोकांनी दारं उघडून बघावं अशी बोंब ऐकू आली. मी धावत वर गेले. हे सावलीत बसले होते, दोन्ही पाय धरून. मांडीवर चादरीचं बोचकं आणि त्यात कुरडयांचा भुगा. मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू? मग तळवे पाहिले आणि खाली जाऊन खोबरेल घेऊन आले.

मी तेल लावत होते. हे एकदा उन्हाकडे बघायचे, एकदा वर फांद्यांकडे.

"ते बाजू भट्टीच झाली हाय वं," शेवटी म्हणाले. "अन् इथं आपण आरामात बसून राहिलो."

"मी आठ दिवसांपासून काय सांगून राहिली होती?"

त्यांनी तिथूनच सोलरवाल्याला फोन लावला. "उन्हाच्या बाजूलेच लावा जी, जेवढे बसतीन तेवढे." पलीकडून तो म्हणाला, एवढ्यावर एसी चालणार नाही. एसीची हौस काही थोडीथोडकी नव्हती, शोरूममध्ये जाऊन रंगसुद्धा बघून आले होते.

"पंखे अन् कूलर चालन ना?"

"आरामात चालेल."

"बस मंग. झाडाले हात नाई लावाचा."

माझा तेलाचा हात तिथेच थांबला आणि डोळे वाहायला लागले. ह्यांनी फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या बोचक्याकडे.

"रडून काहून राहिली वं?" हे घाबरून म्हणाले. "मोडक्या कुरडया बी तळता येतात."