नवसाच्या पंगतीचा वाटसरू

नवस मायनं केला होता, मी नाही. आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेली मी पहिली, आणि ती पदवी मी अभ्यास करून मिळवली, असं चारचौघांत ठणकावून सांगायची. तरी माय त्या पदवीसाठी महादेवाला रोडगे बोलली होती, म्हणून मूर्तिजापूरजवळ, अमरावती-अकोला रस्त्यालगतच्या देवळात आम्ही सगळे जमलो. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजत होते. माझं दीड-दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, बोंड्या, सोबत होतं.

धूर डोळ्यांत गेला म्हणून मी तोंड फिरवलं, तेवढ्यात पिल्लू देवळाच्या ओट्यावरून पडलं. डोकं दगडी पायरीवर आपटलं. नाकातून रक्ताची बारीक धार, श्वास चालू, पण शुद्ध नाही.

काकाजी तांब्या घेऊन धावले. "तोंडात पाणी टाक वं त्याच्या!"

"नाही टाकाचं, काकाजी. शुद्धीत नाही थे. पाणी फुफ्फुसात जाईन."

"ग्रॅज्युएट झाली म्हणजे ढोरायची डाक्टर झाली का तू?"

पाणी मी टाकू दिलं नाही. पण माझं शिक्षण तिथवरच पुरलं. पुढं काय करायचं ते ठाऊक नव्हतं, आणि रविवार असल्यानं जनावरांच्या ओळखीच्या दवाखान्यात फोन कोणी उचलेना. मायला हाक मारली, तर ती रस्त्याकडं निघालेली. नवसाची पंगत वाटसरूला बसवल्याशिवाय वाढायची नाही, हा तिचा नेम.

"माझं पिल्लू मरून राहिलं अन् तुले पंगत सुचून राहिली?" मी ओरडले.

ती वळली नाही. "मले जे येते थे मी करून राहिली."

मी पिंडीकडं पाहिलं. मागायचं कसं तेही मला येत नव्हतं. मनात एवढंच म्हटलं, माझं संपलं, आता तू पाहा.

माय परतली ती एका बाईंना घेऊन. त्यांची गाडी पंक्चर झाली होती, ड्रायव्हर चाक बदलत होता. नाही-नाही म्हणत त्या जेवायला आल्या होत्या. पिल्लू दिसलं तशा चप्पल काढता काढता थांबल्या.

"मी जनावरांची डॉक्टर आहे, अकोल्याची. मान वाकवू नका त्याची."

मोबाइलच्या उजेडात त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, हिरड्या पाहिल्या. कणकेची परात धुवून घेतली, तीत माझी ओढणी अंथरली आणि बोंड्याला सरळ निजवलं, डोक्याकडची बाजू जराशी उंच. खायला-प्यायला काही नाही, माणसांची दुखण्याची गोळी तर मुळीच नाही. त्यांच्याच गाडीत, परात मांडीवर धरून, मी अकोल्याला गेले. आपल्या दवाखान्यात त्यांनी ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. "मेंदूला सूज आहे. आपल्या हातात होतं ते केलं," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेपूट हलवली. आज तो मोठा झाला आहे. मान किंचित कलती राहिली, जिना चढताना बिचकतो.

कोणी योगायोग म्हणतं. मी वाद घालत नाही. पाणी अडवलं ते माझ्या शिक्षणानं, त्याचा अभिमान मला आजही आहे. रस्त्यावर गेली ती माय. पण त्या बाईंना नेमकं तिथं थांबवणं आमच्यापैकी कोणाच्याच हातचं नव्हतं, आणि त्यापुढं मी हात जोडते.

डॉक्टरबाई त्या दिवशी न जेवताच गेल्या, हे मायला फार लागलं. आता दरवर्षी आम्ही रोडगे करतो, त्या दिवशी रस्त्यावर मी उभी राहते. येणारा कोण, कामाचा की बिनकामाचा, पाहत नाही. "जेवून जा," म्हणते, आणि ताट मांडायला वळते.