मापात बसलेली रॅम

माप घेतलं की माणूस कळतो, असं टेलरमास्तर ठामपणे सांगत. मग कॉम्प्युटर कळायला कितीसा वेळ लागणार! त्यांचं घोडं इथेच अडलं.

त्यांची मुलगी नोकरीसाठी दूर गेली होती. घरी असताना बापलेकीच्या बडबडीपुढे शिलाई मशीनचा आवाज ऐकू यायचा नाही. आता फोनवर "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" एवढं झालं की दोघंही गप्प. मग ती म्हणायची, "बरं बाबा, ठेवते. मित्र खेळायला थांबलेत." रोज संध्याकाळी ती कॉम्प्युटरवर मित्रांबरोबर मोटारींच्या शर्यती खेळायची. एकदा हसत म्हणाली, "तुम्हीही या की खेळायला!" पोरगी बोलून विसरली, पण मास्तरांनी ते मनावर घेतलं. शर्यतीत हरलो तरी बेहत्तर, खेळता खेळता लेक बोलेल तरी!

तयार कॉम्प्युटर आणला असता तर प्रश्नच नव्हता. पण तयार कपडे घालणाऱ्यांविषयी मास्तरांचं मत जगजाहीर होतं. शिवाय लेकीने आपला कॉम्प्युटर सुटे भाग आणून स्वतः जोडला होता. तिला चकित करायचं तर आपणही जोडायचा, आणि तिला अवाक्षरही विचारायचं नाही. अज्ञानाला हट्टाची जोड मिळाल्यावर दुसरं काय होणार!

"मदरबोर्ड कुठला हवाय?" दुकानदार बाईंनी विचारलं.

"प्रोसेसरला शोभेल असा."

"शोभून कसं चालेल काका, जुळायला हवा. या बोर्डावर हा प्रोसेसर बसतो, तो बसत नाही. आणि एवढं मोठं ग्राफिक्स कार्ड घेताय, तर पॉवर सप्लायही तसा दणकट लागेल. नाहीतर खेळ रंगात आला की सगळं बंद."

मास्तरांनी मान डोलावली. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय हे कळलं नाही की ते अशीच मान डोलावत.

बाईंनी एकमेकांशी जुळणारे भाग काढून दिले, फक्त त्या बोर्डाची रॅम संपली होती. घरी येऊन मास्तरांनी कापायच्या टेबलावर खाकी कागद पसरला आणि प्रत्येक भागाचं कटिंग काढलं. रॅमचं कटिंग बोर्डावरच्या खाचेच्या मापाने केलं. ग्राफिक्स कार्डाचा कागद कॅबिनेटमध्ये धरला, तर शिवणीला सोडतात तशी बोटभर माया उरत होती.

"सगळं बसतंय!" त्यांनी बायकोला सांगितलं.

"बसतंय, पण जमतंय का?"

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत! तुमचा चेहरा बघून विचारलं."

दुसऱ्या दुकानात रॅम होती. "नवीन पिढीची हवी की आधीची?" तिथल्या दुकानदाराने विचारलं. मास्तरांनी खिशातून कागद काढून समोरच्या रॅमवर धरला. लांबी तीच, रुंदी तीच. "हीच द्या," ते म्हणाले. "मापात आहे."

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते जोडायला बसले. बाकीचे भाग मुकाट्याने आपापल्या जागी गेले, पण रॅम बसेना. तिच्या कडेची खाच बोर्डावरच्या उंचवट्यापासून दोराभर बाजूला पडत होती. कापड असतं तर वाफ देऊन, चिमटीने जरा ओढून घेतलं असतं. कितीतरी हट्टी बाह्या त्यांनी अशाच वठणीवर आणल्या होत्या. त्यांनी रॅम उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, मग अंगठ्याने दाबली. बोर्ड करकरला. माप बरोबर, वस्तू नवीकोरी, मग चुकतंय कोण? त्यांना अक्षरशः रडू यायला लागलं. हे मोडलं तर लेकीशी बोलायची वाटच बंद होणार होती.

शेवटी नाइलाजाने त्यांनी तिलाच व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, हे काय मांडलंय?"

"कॉम्प्युटर. तूच म्हणालीस ना, या खेळायला."

ती पडद्याच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "आधी हात काढा. जोर लावू नका. ती खाच दाखवा... अहो, ही जुन्या पिढीची रॅम आहे!"

"मापात आहे की!"

"असेल मापात. दिसायला बहिणी आहेत, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही."

मग तिने एकेक भाग दाखवायला लावला. कागदी कटिंगं बघून पोट धरून हसली. स्वतः पहिल्यांदा चुकीचा पंखा आणून कपाटामागे कसा लपवला होता, तेही सांगून टाकलं. वाढलेलं जेवण गार झालं, बायको दोनदा ओरडून गेली, तरी फोन काही संपेना.

दुसऱ्या दिवशी मास्तर रॅम बदलून घेऊन आले. ती खटकन बसली आणि पडदा उजळला. आता आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना काही सुचेना. सगळंच जुळलं, तर आता तिला विचारायचं काय? खेळायला बोलवावं, तर ती मित्रांच्या घोळक्यात असणार. बराच वेळ खुर्चीत चुळबुळ करून त्यांनी पुन्हा व्हिडिओ कॉल लावला.

"अजून अडलंय गं. सुरूच होत नाही."

फोनच्या पडद्यावर लेकीने डोळे बारीक केले. "बाबा, तुमच्या मागे कॉम्प्युटरचे पंखे फिरतायत."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. थाप मारायची सवय नव्हती; त्यांनी खुर्ची सरकवून पंखे झाकायला बघितलं.

"थांबा," ती म्हणाली, "आज येत नाही म्हणून मित्रांना कळवते." मग खुर्ची पुढे ओढून तिने विचारलं, "हं, दाखवा आता. काय काय अडलंय?"