दुसऱ्यांच्या खिशातले अक्रोड

माझ्या वडिलांना सगळा रस्ता मास्तर म्हणतो. शाळेतले नव्हे, शिलाईतले. अठ्ठेचाळीस वर्षं ते एकाच दुकानात, एकाच खिडकीशी बसून कोट शिवताहेत, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाचं माप कधी कागदावर उतरवलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की टेप एकदा छातीवरून, एकदा कमरेवरून, एकदा बाहीवरून फिरवायची, "हं" म्हणायचं आणि टेप परत गळ्यात. झालं. तो माणूस पाच वर्षांनी आला तरी बाबा त्याच्याकडे नुसतं बघून सांगणार, कंबर दोन इंच वाढली. हे ते बायकांनाही सांगत, म्हणून बायका त्यांच्याकडे जरा कमीच यायच्या.

लिहून ठेवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "ज्याला लिहावं लागतं, त्याने नीट बघितलेलंच नसतं," हे मी लहानपणापासून ऐकत आले. टोमणा मलाच असायचा. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करते, सगळं आयुष्य कार्डं लिहिण्यात गेलं, आणि तरी चष्मा डोक्यावर ठेवून तो घरभर शोधते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आमच्या घरात माझ्यासाठीच राखून ठेवलेली आहे.

तर गेल्या वर्षी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बाबांनी आमच्या मुख्याध्यापकांचं माप औषधवाल्याला लावलं आणि औषधवाल्याचं मुख्याध्यापकांना. मुख्याध्यापक उंच नि वाळलेले. औषधवाला बुटका नि गोल. दोघेही एकाच संध्याकाळी कोट न्यायला आले. मुख्याध्यापकांची बाही कोपराच्या जरा खाली संपली, आणि औषधवाल्याचे हात कुठे गेले ते कुणाला दिसेना. बाबांनी शांतपणे सुचवलं की दोघांनी कोट बदलून घ्यावेत, नेमके बसतील. बसलेही असते. पण औषधवाल्याने हौसेने लाल चौकड्यांचं कापड आणलं होतं, आणि लाल चौकड्या घालून शाळेत शिरायला मुख्याध्यापक तयार नव्हते.

ते दोघे हसत गेले. बाबा हसले नाहीत. घरी येऊन हात धुतले आणि टॉवेल धरून तसेच बेसिनसमोर उभे राहिले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या काकूंना कळल्यावर त्यांनी लगेच "साठी बुद्धी नाठी" म्हणून घेतलं. चौदा वर्षं उशिरा का होईना, म्हण खरी ठरली याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

मी बाबांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चमचा, कंदील, बूट, पतंग, किल्ली अशा पाच वस्तू सांगितल्या आणि थोड्या वेळाने परत विचारल्या. बाबांनी पाचही सांगितल्या, क्रमाने. शिवाय डॉक्टरीणबाईंचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला आहे, हेही सांगितलं. मला पतंग आठवत नव्हता. पण मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी मूग गिळून गप्प बसले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार काही दिसत नाही, पण वय झालंय, लक्ष ठेवा. रोज चालायचं, पुरेसं झोपायचं, रक्तदाब सांभाळायचा, काम करत राहायचं, माणसांत राहायचं. आणि मूठभर अक्रोड-बदाम खायला हरकत नाही, बिनमिठाचे. ते नेमाने खाणाऱ्या काही म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती थोडी बरी राहते असं अभ्यासांत दिसलंय. मात्र ती त्यामुळेच राहते, की अशी माणसं एरवीही तब्येतीला जपतात म्हणून, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे औषध नव्हे, खाणं आहे, असं त्यांनी दोनदा बजावलं. एवढ्या सगळ्यातलं मी फक्त 'अक्रोड' ऐकलं.

घरी येताना मी बाबांना अट घातली. तीन महिने रोज मी डबीत भरून देईन ते दोन अक्रोड आणि पाच बदाम खायचे, आणि तेवढ्यात पुन्हा माप चुकलं तर दुकानाला कुलूप. बोलून गेले आणि जीभ चावली. दुकान गेलं तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे, हे मला का कळत नव्हतं? पण शब्द तोंडातून गेला होता. बाबा एवढंच म्हणाले, "बरं."

एक गोष्ट मी विसरले होते. बाबांना कवळी आहे. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, तशातली गत. पण डबी रोज संध्याकाळी रिकामी परत यायची, आणि दुकानातलं प्रत्येक माप बिनचूक निघत होतं. माझी छाती फुगली. मी शिक्षकांच्या खोलीत अक्रोडांवर व्याख्यानं दिली. काकूंनासुद्धा बदाम भिजवायला लावले. तीन महिन्यांत चूक नाही म्हणजे नाही, असं मी रस्त्यात भेटेल त्याला अडवून सांगत होते.

मग एक दिवस औषधवाल्याने गोळ्या देता देता म्हटलं की मास्तर फार मनाला लावून घेतात. एका कोटाची चूक ती काय, आणि त्यापायी दर खेपेला खिशात बदाम कशाला? मी काहीतरी पुटपुटून निघाले. दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी पेन काढायला आतल्या खिशात हात घातला, आणि पेनाबरोबर अक्रोड बाहेर आला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तशीच अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुकानात गेले.

बाबा काज करत होते. मी डबी त्यांच्यापुढे आपटली आणि विचारलं, यातलं काय काय खाल्लंत. त्यांनी सुई अस्तरात खोचली आणि सांगितलं की पहिल्या दिवशी एक अक्रोड खाल्ला, त्याचा तुकडा कवळीखाली गेला, आणि दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटलं मास्तर आपल्यावर चिडलेत. बाकीचे टाकवत नव्हते, म्हणून शिवलेल्या कोटांत घातले. मग त्यांनी यादीच म्हणून दाखवली. मुख्याध्यापक, आतला डावा खिसा, दोन अक्रोड. दातांचे डॉक्टर, खालचा उजवा, पाच बदाम. अशी नुसत्या त्या आठवड्यातली अकरा माणसं, खिशासकट, न अडखळता. मला राग धरवेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

"मग न खाता चूक कशी झाली नाही?" मी विचारलं.

"लक्ष दिलं," बाबा म्हणाले. तेवढ्यात कोट शिवायला एक नवीन माणूस आला, आणि बाबा टेप घेऊन त्याला पडद्यामागे घेऊन गेले.

मी डोळे पुसले आणि चष्मा शोधू लागले. तो डोक्यावर होता, पण शोधताना मी कापडावर खुणा करायच्या खडूंचा खण उघडला. खडूंच्या खाली शाळेची असते तसली एक वही होती. पहिल्या पानावरची तारीख डॉक्टरीणबाईंकडून आल्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. पुढे बाबांच्या ठसठशीत अक्षरात छाती, कंबर, बाही, आणि शेवटच्या रकान्यात खिसा आणि अक्रोड. यादी इथूनच पाठ झाली होती. अठ्ठेचाळीस वर्षं ज्याने पेन्सिलीला हात लावला नाही, तो माणूस माझ्या एका वाक्यापायी चोरून लिहीत बसला होता. मला माझीच लाज वाटली.

शेवटची नोंद अशी होती: "मुलगी. खांदे उतरलेत, फार काळजी करते. उजवा खिसा, बदाम पाच. हिलाही विसरायला होतं."

मी माझ्या कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. पाच होते. कधीचे, देव जाणे. मी तिथेच उभी राहून ते खाल्ले.

पडद्यामागून बाबांचा हळू आवाज येत होता. छत्तीस, बत्तीस, तेवीस. छत्तीस, बत्तीस, तेवीस. ते पुटपुटतच घाईने बाहेर आले, खणाकडे वळले, आणि माझ्या हातात वही बघून थांबले. आकडे ओठांवरच राहिले.

मी पेन्सिल उचलली. "सांगा बाबा. मी लिहिते."

 बाबा गळ्यातली टेप सारखी करून म्हणाले, "छाती छत्तीस. कंबर बत्तीस. बाही तेवीस. आणि अक्षर नीट काढ, तुझं मला लागत नाही."

मी लिहिलं. शेवटचा रकाना रिकामा होता. त्यात काय लिहू, ते मी विचारलं.

"त्यात काही नको," बाबा म्हणाले. "ते उद्यापासून मी खाईन. पण कुटून दे, दगड चावून कुणाची बुद्धी वाढलेली मी बघितलेली नाही."