वर बघणारे डोळे

मामांच्या पंचाहत्तरीचा सत्कार तेर गावी झाला. मांडव, फेटे, हार, आणि भाषणांत 'दीपस्तंभ' हा शब्द चार वेळा. एरवी मी अशा ठिकाणी फिरकत नाही. पण मामांना जे चित्र भेट द्यायचं होतं त्याची कल्पना माझी होती. त्यामुळं दीपस्तंभही सोसले.

परंड्याकडं एक जुने चित्रकार होऊन गेले. त्यांनी रंगवलेले चेहरे जिल्ह्यात अजून घरोघरी भिंतींवर आहेत. जिल्ह्यातल्याच वाशी गावच्या एका मुलीनं त्यांवरून एचिंग, म्हणजे पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, करायला घेतली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यात सुईनं रेघा, मग आम्ल, शाई, कागद. ती नुसती नक्कल नव्हती. त्यांनी रंगानं साधलेलं ती फक्त रेघांनी साधायची, आणि सगळं काळं करून डोक्यामागं तेवढा उजेड ठेवायची. मी भारावलो. त्या चेहऱ्यांवरच्या 'लौकिकापलीकडच्या शांतते'वर एका मासिकात तीन पानं लिहिली. मग तिला म्हटलं, याच शैलीत आमच्या मामांचं चित्र कर. कुणी सांगून करून घेतलेलं तिचं हे पहिलंच काम.

पाहुण्यांनी पडदा ओढला. चित्रातल्या मामांची नजर वर लागलेली, डोक्यामागं उजेड. टाळी वाजली नाही. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी चपला काढून हात जोडले. मामी खुर्चीतून उठल्या आणि मामांचा दंड धरून उभ्या राहिल्या.

मामांनी चित्राकडं बराच वेळ पाहिलं. "आरं भाच्या," ते माइकसमोरच म्हणाले, "म्या गेलो कधी? मला कुणी बोललं न्हाय."

शेजारचे गृहस्थ माझ्या कानाशी वाकले. "सर, ते चित्रकार जित्या माणसाचं चित्र काढतच नव्हते. दहाव्याला फोटो न्यायचा, तेराव्याच्या आत चित्र आणायचं. नजर मुद्दाम वर ठेवायचे. गेलेल्यानं घरातल्यांकडं बघू न्हाय म्हणून."

माझे वडील गेल्यावर त्यांचं चित्र याच चित्रकारांकडून आणलेलं होतं. फोटो घेऊन मीच गेलो होतो. आणि तरी मी तीन पानं लिहिली.

मुलगी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. मामी तिच्यापाशी गेल्या. "पोरी, हात गुणाचा हाय तुझा. पन हे माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय."

"मावशी, पत्रा घासून डोळे खाली आणते. उजेड बुजवते," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही." आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

दोन आठवड्यांनी ती नवा छाप घेऊन मामांच्या घरी आली. आता मामा समोर बघत होते, किंचित वैतागून. मामींनी कागद हातभर लांब धरला. "हां. आता कसं, सकाळचा च्या उशिरा दिल्यावानी बघायलेत," म्हणाल्या आणि खिळा आणायला आत गेल्या. मुलगी पहिल्यांदा हसली.

मी जवळ जाऊन पाहिलं. पत्रा कितीही घासला तरी खोल रेघा पुऱ्या जात नाहीत. नव्या बुबुळांच्या वर जुनी बुबुळं पुसट उमटली होती. ती अजून वरच बघत होती.

मी दचकून मामांकडं वळलो. त्यांना ते माझ्याआधीच दिसलेलं होतं.

"तुझ्या मामीला चष्म्याबिगर दिसत न्हाय," ते हळूच म्हणाले. "तू आता गप खिळा धर."