अंबूबाईंच्या खांबावरचं यंत्र

२००३ साली पुण्याच्या एका कॉलेजातल्या सदफ मॅडमनी गडाच्या पायथ्याशी असलेल्या पाली गावच्या अंबूबाईंच्या अंगणातल्या खांबाला वीतभर यंत्र बांधलं. माती-दगडातून, आभाळातून जे किरण मुळातच येत असतात, ते हे डोसीमीटर मोजायचं. ते कितपत अचूक मोजतं, हेच तपासायचं होतं. "मावशी, हलवू नका हं," असं बजावून मॅडम गेल्या.

अंबूबाई तोंडाने फटकळ, पण घरात एकट्या. मुलगा हनुमंत आठ महिने फिरकला नव्हता. गडावर जाणारी पोरं दारात पाणी पिऊन पुढे निघत. दिवेलागणीनंतर दुसऱ्याची ठेव उघड्यावर कशी ठेवायची, म्हणून त्या यंत्र रोज घरात आणत आणि उजाडताच पुन्हा खांबाला बांधत.

तीन महिन्यांनी मॅडमनी यंत्रातली नोंद कागदावर काढून आणली. रेघ रोज संध्याकाळी किंचित चढत होती, सकाळी उतरत होती.

"घरात नेत होता ना? विटांच्या भिंतींतूनही थोडे किरण येतात. धोका काही नाही, पण यंत्राने तेवढाही फरक पकडलाय."

"मंग काय चोरासाठी भाईर ठेवू?" अंबूबाई भडकल्या. मग रेघेवरून बोट फिरवत एका जागी थांबल्या. "हितं येगळं का?"

"त्या दिवशी रेघ फार उशिरा चढलीय."

"मार्गासनीला दवाखान्यात गेलते. येस्टी चुकली." त्यांनी पुन्हा त्याच जागेवर बोट टेकवलं. "म्हंजी म्या येळंवर घरी आले न्हाई, हे याला कळलं. दुसऱ्या कुणालाच न्हाई कळलं."