इस्त्री चालू असताना चित्र स्वच्छ

निवृत्तीच्या तिसऱ्याच आठवड्यात काकांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर दिले. साखर चार, मीठ सात. चाळीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस, हातांना स्वस्थता कुठली? दुपारी काकू वाचनालयातली रहस्यकथा उघडून बसल्या, की हे मागून मान लांब करत आणि चाळिसाव्या पानावर निकाल लावून मोकळे होत, "खून माळ्याने केलाय." आणि त्या मेल्या माळ्याने तो खरंच केलेला असे.

मग काकांनी टीव्हीला बूस्टर बसवला. साबणाच्या वडीएवढी डबी, चित्र उजळ करणारी. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दारात.

"काका, आमच्या चित्रावर तिरक्या रेघा येतायत हो. बातम्या देणारी नुसती थरथरतेय."

काका स्क्रूड्रायव्हर घेऊन धावले. वर काकूंना इस्त्री करायची होती. कपाटामागे प्लगची जागा एकच, म्हणून त्यांनी बूस्टर काढला आणि इस्त्री लावली. तेवढ्यात जिन्यातून काकांचा आवाज आला.

"आता?"

"आलं काका, आलं. आरशासारखं."

काकूंच्या हातातली इस्त्री थांबली. काकांच्या सदऱ्याची बाही जरा करपली. दुसऱ्या दिवशी काकूंनी बूस्टर लावून पाहिला, खाली रेघा. काढून पाहिला, आरसा. डबी सगळ्या इमारतीच्या केबलच्या वायरीत घाण सोडत होती. तिसऱ्या दिवशी काकूंनी पाहणं थांबवलं आणि वापरणं सुरू केलं.

दुपारी दोनला बूस्टर चालू. सव्वादोनला कुणीतरी दारात. काका बाहेर. काकू पाय टेबलावर टाकून वाचत. प्रकरण संपलं की प्लग काढत. तिकडे काका टीव्हीमागची वायर पिळत असत, त्याच क्षणी चित्र लख्ख. वर्षभरात त्यांचा बूस्टरकाका झाला. घरचं चित्र बूस्टरवाचून फिकट पडे, त्यावर ते म्हणत, "आपला मजला शेवटचा ना, दाबच कमी."

सगळं सुरळीत होतं. मग शिक्षिकाबाईंनी केबल कंपनीला पत्र लिहिलं.

कंपनीने मुलगी पाठवली, हातात मीटर घेऊन. काका तिच्या पुढे पुढे.

"या इमारतीतल्या बिघाडांचा सगळा इतिहास मला ठाऊक आहे."

"इतिहास राहू द्या काका, शिडी द्या."

मीटर एकेक मजला चढत गेला, तसतसा आकडा वाढत गेला. काकू शेवटच्या प्रकरणात होत्या. अकरा पानं उरलेली. दार वाजलं तेव्हा प्लग काढायलाही वेळ नव्हता. मुलगी आत आली आणि सरळ कपाटामागे वाकली. डबी गरम. शेजारी इस्त्री, गार. टेबलावर पुस्तक, बोट घालून मिटलेलं.

"काकू, इस्त्री कधी करता?"

"लागेल तेव्हा."

"म्हणजे दुपारी साडेतीनच्या सुमारास? सगळ्या घरांत म्हणे तेव्हाच चित्र सुधारतं."

दारात काका छाती काढून उभे. "काय निघालं?"

काकूंनी मुलीकडे पाहिलं. नवऱ्याचा वर्षभराचा मान आणि आपल्या दुपारा, दोन्ही त्या पोरीच्या जिभेवर होतं.

"बूस्टर जळालाय काका," मुलगी म्हणाली. "फार राबला बिचारा." आणि तिने डबी पिशवीत टाकली.

चार दिवस इमारतीत एक रेघ नाही. काकांनी डब्यांचे नंबर बदलले. साखर आता नऊ. काकूंनी साखर म्हणून मीठ घातलेला चहा दोघांनी मुकाट्याने प्यायला. चौथ्या दुपारी त्यांनी काकूंचं पुस्तक उचललं, "बघू तरी, काय एवढं असतं त्यात." काकूंनी ते हातातून काढून घेतलं.

"येते हं जरा जाऊन. शिक्षिकाबाईंची कात्री द्यायचीय."

बाईंनी कात्री आत ठेवायला पाठ फिरवली. तेवढा वेळ पुरला. टीव्हीमागची पिन फक्त अर्धा वळसा सैल करायची होती. वर्षभर नवऱ्याकडून रोज ऐकलेलं ज्ञान, वाया कसं जाईल?

काकू वर येऊन टेकतात न टेकतात, तोच घंटा वाजली.

"काका, पुन्हा थरथरतंय हो."

काकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. चेहऱ्यावर चार दिवसांनी रक्त आलं होतं. "मला माहीत होतं. मीटर घेऊन फिरल्याने काय होतंय?"

पाऊण तासाने परतले ते घाम पुसत. "सापडलं. मागची पिन सैल होती. पण करेल कोण सैल?"

काकू शेवटच्या पानावर होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"घरातल्याच कुणीतरी केलं असेल," त्या म्हणाल्या. "माळ्याने नाही, एवढं नक्की."